ताणातलं ओलं झाड

मोसंबीला ताण द्यायचा असतो, हे शहरातल्या पाहुण्यांना सांगितलं की त्यांना ते पटत नाही. झाडाला मुद्दाम तहानलेलं ठेवायचं, असं कसं, म्हणतात. आमच्याकडं वडीगोद्रीच्या पट्ट्यात मात्र हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दिवाळी सरली की बागेचं पाणी तोडायचं. पानं वळतात, पिवळी पडून गळतात, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि आपण नुसतं बघत राहायचं. मंग संक्रांतीच्या आगंमागं पाणी सोडलं की झाड जागं होतं आणि अंगभर फुलतं. त्याला आंबिया बहार म्हणायचं. ताण कमी पडला तर फूल येत नाही, नुसती पालवी फुटते. जास्त झाला तर झाडच वाळतं. कमी की जास्त हे ठरवायचं कसं, तर आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, आळ्यातलं ढेकूळ हातात चुरडून बघायचे आणि म्हणायचे, अजून राहू दे. कधी बराबर यायचं, कधी साफ चुकायचं. एका वर्षी चुकलं तेव्हा अख्खी बाग हिरवीगार होती आणि फूल औषधालासुद्धा नव्हतं.

म्हणून तर ती पोरगी आली तेव्हा आम्ही तिला लगेच हो म्हटलं.

पोरगी धावडा गावाकडची. तिच्या आजोबांच्या मेंढ्या होत्या, बाप आता शेती करतो, आणि ही कॉलेजात पुढचं पुढचं शिकत गेलेली. तिच्याकडं डबे होते. डबा म्हणजे काय, एक उभा पाइप, त्याच्यावर जेवणाच्या डब्याएवढी पेटी, डोक्यावर उन्हावर वीज करणारी छोटी काच, आणि खाली जमिनीत खुपसलेल्या लांब सुया. सुयांना जमिनीतली ओल कळते आणि डबा ती मोबाइलवर पाठवतो. मला वाटलं, डबे विकायला आली असंल. तसं नव्हतं. ती डब्यांची परीक्षा घ्यायला आलेली. डबा सांगतो ती ओल खरी का खोटी, किती खरी, कोरड्या जमिनीत खरी का ओल्या जमिनीत, हे तिला तपासायचं होतं. त्यासाठी ताणातली बाग हवी होती, कारण ताणात जमीन ओलीपासून पार कोरडीपर्यंत सगळ्या पायऱ्या उतरते.

आमची मागची खोली रिकामीच होती. पोरं आपापल्या कामाला संभाजीनगरला, पुण्याला. ती खोली तिनं घेतली आणि आठ दिवसांत तिचा दवाखाना करून टाकला. एका कोपऱ्यात विजेची भट्टी, टेबलावर काचेच्या पेटीतला वजनकाटा, खिडकीत ॲल्युमिनियमच्या डब्या, प्रत्येकीवर नंबर. बागेत जायचं, गिरमिटानं जमिनीत भोक पाडायचं, माती डबीत भरायची, झाकण घट्ट लावायचं. घरी आणून लगेच तोलायची. मंग भट्टीत ठेवायची, पार वाळेपर्यंत, आणि पुन्हा तोलायची. जेवढं वजन उतरलं तेवढं पाणी होतं. त्या पाण्याशी डब्याचा आकडा ताडून बघायचा. एवढंच. पण एवढं करताना ती पंखा बंद करायची, मला दारात उभं राहू द्यायची नाही, आणि काट्यावर आधी स्वतःची पितळी वजनं ठेवून काट्याचीच झडती घ्यायची.

मी म्हटलं, बाई गं, डबा खरा का खोटा हे काटा सांगणार, आणि काटा खरा का खोटा हे कोण सांगणार? ती म्हणाली, ही वजनं. आणि वजनं? तर म्हणाली, ती जालन्याहून तपासून आणलीत. आणि तपासणाऱ्याची? मंग ती हसली आणि म्हणाली की आजी, असंच वर वर जात राहतं, कुठंतरी आपल्याला थांबावं लागतं आणि इथं एवढी चूक असू शकते असं लिहून ठेवावं लागतं.

मला हे फार आवडलं. मी शाळेत नीट गेलेली नाही. अक्षरं लावली ती लेकरांच्या पुस्तकांतून, त्यांच्या मागं बसून. त्यामुळं कुणी काही उलगडून सांगितलं की मला दिवसभर ते चघळायला पुरतं. एकदा तिनं आमच्या भिंतीवरच्या घड्याळावरून समजावलं. ते घड्याळ कायम पुढं असतं, कितीही लावा, जरा पुढं जाऊन तिथंच राहतं. ती म्हणाली, हे चुकीचं आहे पण भरवशाचं आहे. रोज तेवढंच चुकतं, म्हणजे तेवढं वजा केलं की खरी वेळ मिळते. वाईट ते, जे कधी पुढं जातं, कधी मागं, आणि का ते सांगत नाही. मी म्हटलं, म्हणजे माझा गुडघा. पाऊस येणार म्हणून दुखतो आणि पाऊस येतच नाही असं कितीदा झालंय. मालक अंगणात तूर निवडत बसलेले, तिथूनच म्हणाले, "मंग त्या गुडघ्याला बी एकदा भट्टीत ठेवून बघ गं पोरी."

असे दिवस चाललेले. डबे बागेत ठिकठिकाणी उभे होते. जागा निवडताना तिनं कागदावर बागेचे चौकोन पाडले आणि चिठ्ठ्या टाकून चौकोन काढले, म्हणजे आपल्या सोयीची जागा आपण निवडत नाही म्हणे. एक चिठ्ठी हौदाजवळच्या कोपऱ्यातली निघाली. तिथं एकच झाड जरा लहान आहे, बाकीच्यांपेक्षा तरणं. मालक तेव्हा तिला म्हणालेले, त्या अंगाला नको लावू, पलीकडं लाव. तिनं समजावलं की चिठ्ठी निघाली की बदलायची नसते. मालकांनी मान हलवली आणि फावडं घेऊन निघून गेले. मला तेव्हा काही वाटलं नाही. म्हातारा माणूस, काहीतरी म्हणतो.

ते झाड कुणाचं ते सांगते. झाडं कुणाची नसतात, पण हे होतं. माझे थोरले दीर वारले तेव्हा आम्ही रक्षा नदीला नेली नाही. आता आमच्याकडं बरेच लोक तसं करतात. आपल्याच शेतात खड्डा घ्यायचा, रक्षा मातीत मिसळायची आणि वर झाड लावायचं. हौदाजवळ एक मोसंबी मर रोग लागून गेलेली, तिची जागा रिकामी होती. तिथं मालकांनी स्वतःच्या हातानं खड्डा घेतला, हौदाच्या अंगाला रक्षा मिसळली आणि रोप लावलं.

डबे बसून पंधरवडा झाला आणि पोरीचा चेहरा उतरायला लागला. सगळे डबे कोरडे कोरडे होत चाललेले, भट्टीतली मातीही तेच सांगत होती, थोडं इकडं तिकडं. हौदाजवळचा डबा मात्र ओल दाखवत होता. तीही एकसारखी नाही. वर जायची, उतरायची, पुन्हा वर. पोरगी तिथं गिरमिट मारायची, तर माती भुरभुरीत कोरडी निघायची. सुयांच्या जवळ भोक पाडायचं नसतं, जमीन हलते आणि सुया सैल होतात, म्हणून ती झाडाच्या पलीकडच्या बाजूला मारायची. भट्टीतून काढलं की तोच हिशेब. डबा म्हणतो ओलं, माती म्हणते कोरडं.

तिनं वायर तपासली. सुयांचे वरचे जोड पुसून पुन्हा लावले. डबाच बदलला, दुसऱ्या झाडाचा इथं आणि इथला तिथं. तर जो डबा तिकडं शहाण्यासारखा वागत होता तो इथं येऊन ओल सांगायला लागला. आता तर तिची झोपच उडाली. मागच्या खोलीत फोन स्पीकरवर टाकून तिच्या सरांशी बोलणं चालायचं, ते मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. सर म्हणत होते की एक डबा वाईट असता तर बाद केला असता. पण चांगला डबासुद्धा एका जागी बिघडत असेल आणि का ते आपल्याला सांगता येत नसेल, तर बाकीच्या डब्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा. आठवड्यात कारण सापडलं नाही तर यंदाचं काम तसंच सोडून पुढच्या ताणाला नव्यानं सुरू कर. ताण वर्षातून एकदा. म्हणजे वर्ष गेलं. आणि घरून तिला एवढ्याच वर्षाची मोकळीक मिळालेली, हे ती मला भाकरी शिकताना बोलून गेलेली.

त्या दिवशी ती जेवली नाही. ताट झाकून ठेवलं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मालकांना चहाला बोलवायला बागेत गेले. ऊन असूनही हवा गार होती. वाटेवरची माती पिठासारखी झालेली, ताणातली वाट ती. त्या मातीत हौदापासून निघालेले थेंब होते. थेंब पडला की मातीत बारीक खळगा होतो आणि कडेला नक्षी उठते, तसे, एकामागं एक. मी त्यांच्या मागं मागं गेले. मालक त्या लहान झाडापाशी उभे होते. कळशी तिरपी धरून बुंध्याच्या एका अंगाला पाणी सोडत होते, अगदी हळू, आवाज होऊ नये असं. तीच बाजू, जिथं सुया होत्या. जिथं रक्षा होती.

मी मागच्या मागं फिरले. त्यांना हाक मारली ती घराच्या कोपऱ्यावरून, लांबून.

चहा झाला, कप विसळले. मला दोन्हीकडून अवघड झालेलं. मालकांचं हे मी पोरीला सांगितलं असतं तर ते तिच्यासमोर मान वर करू शकले नसते. तिचं काम त्यांच्या हातानं नासलं असंच झालं असतं ना. आणि न सांगावं तर त्या खोलीत एक पोरगी खऱ्या डब्याला खोटं ठरवून आपलं वर्ष घालवणार. मी तूर घेऊन त्यांच्याजवळ बसले. दोघं निवडत होतो. मी म्हटलं की भाऊजींच्या झाडाला पाणी घालताय.

ते तूर निवडतच राहिले. मंग म्हणाले, "दादाला मी मापून पाणी दिलं. झाडाला बी ताण देऊ व्हय?"

हे समजायला मागचं थोडं सांगावं लागंल. भाऊजींच्या किडन्या गेलेल्या. जालन्याला डायलिसिसला नेत होतो, आणि डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलेलं. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच. मालकांनी एका स्टीलच्या पेल्यावर खिळ्यानं रेघ मारली आणि त्या रेघेच्या वर एक थेंब कधी जाऊ दिला नाही. भावावरच्या मायेनंच ते सगळं. उन्हाळ्याचे दिवस, भाऊजींचे ओठ सुकलेले असायचे. एकदा त्यांनी पेला हातात घेतला, रेघेकडं बघितलं आणि हसून म्हणाले, "बागेला देतो तसा मला बी ताण देऊन राह्यला का रे?" मालक म्हणाले, बहार आला की सोडतो पाणी. दोघंही हसले. पुढच्या आठवड्यात भाऊजी गेले.

त्या हसण्याचं पुढं काय झालं हे मला त्या दिवशी तूर निवडताना कळलं. एवढी वर्षं ते प्रत्येक ताणाला त्या झाडाला गुपचूप पाणी घालत होते. मला वाटायचं, हौदाजवळ आहे म्हणून ते हिरवं राहतं, हौद पाझरत असंल. आणि त्याला कधी बहार यायचा नाही, नुसती पालवी, तर आम्ही म्हणायचो अजून लहान आहे.

मी त्यांना पोरीचं सगळं सांगितलं. सर काय म्हणाले, वर्ष कसं जाणार, रात्रीचं ताट कसं राहिलं. ते म्हणाले, मला वाटलं डबा नुसता उभा आहे. एवढ्याशा पाण्यानं त्याला काय कळतंय. मंग सूप बाजूला ठेवलं, उठले आणि मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. मी मागंच होते. पंखा बंद होता, पोरगी काट्यासमोर बसलेली. डबी तोलून होईपर्यंत ते थांबले. त्यांनाही आता ती शिस्त लागलेली.

"पोरी, तुझा डबा खोटा न्हाई," ते म्हणाले. "मी तिथं पाणी घालून राह्यलो."

मला वाटलं, ती चिडंल, निदान रडंल तरी. तिनं डबी खाली ठेवली. कुठं, म्हणून विचारलं. किती, केव्हा, कशानं. मालक लेकरासारखे उत्तरं देत होते, कळशीभर, रोज दुपारी, तुमचं जेवण झालं की, हौदाच्या अंगाला, वरून पुन्हा कोरडी माती ओढून. का, असं मात्र तिनं विचारलं नाही. ते मी तिला नंतर चुलीपाशी सांगितलं. ऐकताना ती माझ्या हातातला भाकरीचा उंडा घेऊन उगाच मळत बसली.

सकाळी ती गिरमिट घेऊन गेली आणि या वेळी सुयांच्या अंगाला, जरा अंतर राखून, भोक पाडलं. माती गिरमिटाला चिकटून आली, काळी, थंड. डबीत भरली, तोलली, भट्टीत गेली. दुसऱ्या दिवशी वाळलेली माती तोलली तेव्हा तिनं मला पहिल्यांदा खोलीच्या आत बोलावलं. मोबाइलवरचा आकडा आणि तिचा हिशेब शेजारी शेजारी ठेवले. अगदी एक नव्हते, पण सख्खे दिसत होते. ती म्हणाली, डबा बिचारा इतके दिवस खरं सांगत होता आणि मी त्याचे कान उपटत होते.

मंग तिनं सरांना फोन केला. सर म्हणाले, आता आणखी एक करून घे. ठरावीक पाणी घाल आणि डब्याला ते किती वेळात कळतं, किती कळतं ते बघ. अशी सोय मुद्दाम करावी लागते, तुला आयती मिळाली. तिला आनंद झाला, पण ती मालकांना विचारायला कचरत होती. शेवटी दुपारी तिनं भरलेली कळशी काट्यावर नाही, आमच्या धान्याच्या तराजूत तोलली, आणि त्यांच्याजवळ नेली.

मालकांचा हात कळशीपर्यंत गेला आणि थांबला. "मापून घालायचं का?" ते म्हणाले.

त्या वेळी मला वाटलं, हे आता नाहीच म्हणणार. त्यांनी त्या पेल्यानंतर घरात कशालाही माप लावलेलं नाही. दुधाच्या चहातसुद्धा पाणी अंदाजानं.

पोरगी म्हणाली, "आबा, तुम्ही नुसतं घाला. मोजायचं ते माझ्याकडं राहू द्या."

त्यांनी तिच्याकडं बघितलं. मंग कळशी उचलली आणि घातलं पाणी, रोजच्यासारखं, आवाज न करता. ती हातातल्या मोबाइलकडं बघत होती, मी तिच्या खांद्यावरून. आधी काही नाही. जमिनीनं पाणी प्यायलं, बुडबुडे आले, तरी काही नाही. आणि मंग ती रेष, आडवी पडलेली, हळूच डोकं वर करून उठली. पोरीनं मोबाइल मालकांपुढं धरला. त्यांना ते कितपत समजलं ठाऊक नाही, पण त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं. म्हणाले, "पोचलं म्हणायचं."

पुढं संक्रांत झाली, ताण तोडला, बाग फुलली. सकाळी दार उघडलं की वास घरात यायचा. ते एक झाड सोडून सगळी फुललेली, ते आपलं पोपटी पालवी घेऊन उभं. पोरीचं काम पूर्ण झालं. तिनं भट्टी, काटा, वजनं, सगळं गोणपाटात बांधून जीपमध्ये घातलं. डबे काढले, पण हौदाजवळचा काढला नाही. सरांना विचारलंय म्हणाली, वर्षभर उन्हापावसात डबा कसा टिकतो तेही बघायचंय. मालक म्हणाले, राहू दे, त्याचं काय खाणंपिणं आहे.

आता ती जालन्याला नोकरीला आहे. दुपारच्याला कधीमधी फोन करते, भाजी काय केली, गुडघा काय म्हणतो. मागच्या थंडीत मालकांना ताप आला, दोन दिवस अंथरुणात होते. पहिल्या दुपारी त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं, मी समजले. कळशी घेऊन हौदावर गेले. माझ्यानं काही ती भरलेली नेववत नाही. वाटेत हिंदकळत गेली, अर्धा पदर भिजला. राहिलेलं घातलं आणि आले. चुलीवर पेज ठेवली तोवर फोन वाजला.

"आजी, आज पाणी तुम्ही घातलं ना?" पोरगी म्हणाली.

मी म्हटलं, कशावरून. ती म्हणाली, रेष जरा बुटकी आली, आणि उशिरा आली. आबा बरे आहेत ना?

मी सांगितलं, साधा ताप आहे, गोळी दिली आहे, काळजीचं काही नाही. तिनं ऐकून घेतलं आणि तरी रविवारी येते म्हणाली. फोन ठेवला तेव्हा मालक उशीवरून माझ्याकडं बघत होते.

"कळशी भरून न्हेली न्हवती का?" ते म्हणाले.

मी म्हटलं, भरूनच नेली होती, वाटेत सांडली. त्यांनी डोळे मिटले, आणि जरा वेळानं म्हणाले, उद्या दोन खेपा कर.